साइडपट्टीवरचे दगड

माझा भाचा शहरात राहतो. गावी आला की सायकलींना वेगळी वाट हवी की मोटारींच्या रस्त्यावरच भागवावं, यावर तावातावानं बोलतो. परवा म्हणाला, वेगळी वाट देऊन उपयोग काय, माणसं ती वापरतात कुठं? आता वडलांचंच बघा, साइडपट्टी सोडून डांबरावर गेले आणि पाय घालवून बसले. त्याचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिथंच खुर्चीत बसला होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कुंडलच्या रस्त्याला लागून आमचं रान. एका गाडीपुरतं डांबर, एका अंगाला चर आणि दुसऱ्या अंगाला मुरमाची साइडपट्टी. आबा, म्हणजे आमचे वडील, फौजेतनं पेन्शनीवर आलेले, त्यामुळं घरात सगळ्या गोष्टींचा हुकूम असे. सायकल मुरमावरनंच चालवायची, डांबर ट्रकांचं. दादा हा हुकूम कधी मोडत नव्हता. साताऱ्याच्या भरतीला आठ दिवस राहिले होते. आबा त्याला रोज पहाटे पळवत, सुतळीनं छाती मोजत. पोरगं माझ्याच पलटणीत जाणार, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

हुलगा, म्हणजे कुळीथ, काढला की आम्ही तो रस्त्यावर अंथरायचो. ट्रकांची, एसटीची चाकं जाऊन आपोआप मळणी व्हायची. सगळेच तसं करायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण म्हशी आणि सायकलवाले कडेकडेनं जाताना वेल मुरमात ओढून न्यायचे आणि दाणा मातीत जायचा. त्याचा मला भारी राग. वय सतराचं, अंगात मस्ती. त्या दिवशी सकाळी हुलगा अंथरून झाल्यावर मी बांधावरचे मोठमोठे दगड आणले आणि साइडपट्टीवर मांडून टाकले. आता बघू कोण येतंय कडेनं, असं मनाशी म्हटलं. देवा, काय ती अक्कल!

दुपारी दादा गावातनं सायकलवर आला. पुढं दगड दिसल्यावर तो डांबरावर चढला, दुसरी वाटच नव्हती. मागनं उसाचा ट्रक आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तसा दादा कडेला वळला, पण कडेला माझे दगड. वाळल्या वेलांवरनं चाक घसरलं आणि तो आडवा झाला. ट्रकचं मागचं चाक त्याच्या पायावरनं गेलं.

मी धावत गेले. ड्रायव्हर बिचारा डोकं धरून खाली बसला होता. आबा विहिरीवरनं हाका मारत येत होते. दादाचं तोंड पांढरं पडलेलं. त्यानं माझं मनगट धरलं आणि म्हणाला,

"दगड काढ. आबा यायच्या आत."

आणि मी काढले. भाऊ रस्त्यात पडलेला, त्याला घोटभर पाणी पाजायचं सोडून मी दगड उचलून कडेच्या उसाच्या रानात टाकत होते.

सांगलीच्या दवाखान्यात घोट्याच्या वर पाय काढला. भरतीचा दिवस तिथंच खाटेवर गेला. आबांनी एकदाच विचारलं, डांबरावर का गेलास? दादा म्हणाला, चुकलं. आबा उठून बाहेर गेले.

घरी आल्यावर आईनं त्याच हुलग्याच्या पिठाचं, गूळ घालून पातळ माडगं केलं. दादानं दोन वाट्या प्यायल्या आणि लय ग्वाड झालंय म्हणाला. माझ्या हातातली वाटी तशीच गार झाली.

पुढं आबा जगले तेवढी वर्षं आल्यागेल्याला सांगत राहिले, पोरानं हुकूम मोडला. मी दोनदा त्यांना खरं सांगायला गेले. दोन्ही वेळा दादानं मधेच दुसरा विषय काढला. शेवटच्या आजारात तर आबा त्याच्याकडं पाठ करून झोपत. दादा त्यांचे पाय चेपत बसे. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. भित्री मी, दुसरं काय.

म्हणून परवा भाच्याला म्हटलं, बस, तुला एक सांगायचंय. तुझ्या बापानं वाट सोडली नव्हती.

दादानं लाकडी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"तायडे," तो म्हणाला, "आबा गेलं. आता कुणाला सांगतीस? च्या टाक."

मी उठले आणि चहा टाकला.