ओठावरचं लोणी

स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, केस गळाले, तरी बेकरीवालीने भट्टीची किल्ली कमरेची काढली नव्हती. केमो घेतली की चार दिवस अंथरुणाला खिळायची आणि उठता आलं की डोक्याला रुमाल बांधून भट्टीपुढे हजर.

"यम दारात आला तरी म्हणशील, थांब, ट्रे काढून येते," नवरा म्हणायचा. तो पुढे गल्ल्यावर बसायचा.

"म्हणेनच. पाव करपलेला त्याला तरी चालेल का?"

केमो अर्ध्यावर आली आणि रक्ताचा रिपोर्ट बिघडला. कोलेस्टेरॉल चढलेलं, ट्रायग्लिसराइड त्याहून चढलेलं, आणि चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल तेवढं घसरलेलं. नवऱ्याने पॅकिंगच्या टेबलावरच्या आपल्या बहिणीला तो वाचून दाखवला.

"मी सांगणार नव्हते," नणंद म्हणाली, म्हणजे सांगणारच होती. "वहिनी चोरून क्रीम खाते. बोट बुडवते आणि तोंडाला लावते. रोज बघते मी."

नवऱ्याने त्याच दिवशी किल्ली काढून घेतली. "केमो संपेपर्यंत भट्टीकडे फिरकायचं नाही."

"मी खाल्लं नाही."

"मग रक्त खोटं बोलतंय?"

"रक्त खरंच बोलतंय. पण त्याने क्रीमचं नाव घेतलं का?"

बोटाचं मात्र खरं होतं. केमो सुरू झाल्यापासून तिच्या जिभेला सगळं लोखंडासारखं लागत होतं. साखर काय, मीठ काय, एकच. मग तिने आपली एक रीत काढली. क्रीमसाठी साखर घालून फेटलेलं लोणी बोटाने ओठावर लावून बघायचं. खरखरलं तर साखर विरघळली नाही, लगेच पाघळलं तर फेटताना गरम झालं. कळलं की पुसून टाकायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती. जिला चवच कळत नाही तिच्या हातचा केक कोण घेणार?

पुढच्या खेपेला तिने दोघांनाही डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. "यांच्यासमोर सांगा, माझ्या रक्तात चरबी आली कुठून?"

"तपासणीला उपाशी पोटी आला होतात?"

"चहाचा घोटसुद्धा नाही."

"केमोत काही जणींचं असं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधांनी शरीराचं चरबी हाताळायचं काम बिघडतं. उलट्या होऊ नयेत म्हणून आपण स्टेरॉइड देतो, त्यानेही वाढते. पाळी बंद पडली त्याचाही हातभार. खाण्याचा वाटा असतोच, पण नुसत्या रिपोर्टवरून कुणी चोरून खातं असं ठरवता येत नाही."

नवरा घाबरला. "मग केमो बंद करायची का?"

"मुळीच नाही. लक्ष ठेवू, पुन्हा तपासू. पुष्कळदा नंतर खाली येतं. नाहीच आलं तर औषध आहे. झेपेल तेवढं काम करू दे, चालू-फिरू दे."

"पण ते बोट?" नणंद हटेना. "माझे डोळे काय फुटले होते?"

तिथे बेकरीवाली गप्प बसली असती तरी निभावलं असतं. पण चोर म्हणवून घेण्यापेक्षा जीभ गेली म्हणवून घेणं तिला परवडलं.

"चव गेलीय माझी, वन्सं. ओठाने बघते मी लोणी."

नवरा तिच्याकडे वळला. "मला का नाही सांगितलंस?"

"तेव्हाच किल्ली घेतली असती तुम्ही."

तिने तिथेच हात पुढे केला आणि त्याने खिशातून किल्ली काढून दिली.

दुसऱ्या दिवशी भट्टी तापल्यावर तिने डोक्याचा रुमाल सोडून खुंटीला टांगला. तुळतुळीत डोक्यावर घाम चमकायला लागला. नणंदेने मान वळवली, तसं ती म्हणाली, "बघा की, डोकंच आहे." मग नवऱ्याला गल्ल्यावरून बोलावून फेटलेल्या लोण्याचं भांडं त्याच्यापुढे धरलं.

"चाखा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"गोड झालं का, एवढं सांगा. यापुढे माझी जीभ तुम्ही. आणि वन्सं, यांच्या बोटावर नजर ठेवा. दुसऱ्यांदा बुडवलं की यांचंही रक्त तपासायला पाठवू."

त्याने चाखलं, जरा विचार केला. "थोडी साखर कमी आहे."

"मग उभे काय राहिलात? डबा आणा," म्हणत तिने भट्टीचं दार उघडलं.