भिंत पंचांग बघत न्हाई

गायकवाड मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावत. तळहात नव्हे, उपडा हात. आई तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावते तसा. मग "बरं हाय" किंवा नुसतं "हं" म्हणून खुर्चीवर बसत. त्यांच्या "हं"ला आमची चाळ घाबरून असे, कारण त्या भिंतीचा रंग पुढच्या पावसाळ्यात हमखास फुगे. चाळीस वर्षं त्यांनी मुंबईभर गिलावा केला. स्वतः मात्र घाटकोपरच्या आमच्या चाळीत, माझ्या शेजारच्या एका खोलीत राहिले.

मी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून ते मला सर म्हणत आणि आलेलं प्रत्येक सरकारी पत्र माझ्याकडे घेऊन येत. त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही. म्हणत, "वाचतो की मी. पर ह्या लोकांची भाषा वाकडी असती. तुम्ही ती सरळ करून सांगा."

चाळ पाडून इमारत उभी राहू लागली आणि आम्ही तीन वर्षं भाड्याच्या खोल्यांत विखुरलो. मिस्त्री रोज सकाळी साइटवर जाऊन उभे राहत. रखवालदाराने हटकलं तर म्हणत, "माझंच घर हाय ते. नुसतं बघतो." त्यांच्या पत्नीला, शांतावहिनींना, जुनाट दमा होता. चाळीतला प्रत्येक पावसाळा त्यांनी खोकून काढला होता. "हिला एक कोरडी भिंत द्यायची," एवढंच मिस्त्रींचं नव्या घराकडे मागणं होतं. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली तेव्हा ते पुन्हा माझ्याच शेजारी आले, पण पश्चिमेच्या कोपऱ्यात, पावसाच्या तोंडी. "येऊ दे की पाऊस," ते म्हणाले. "गिलावा नीट वाळला तर पाऊस काय करतोय!"

गिलावा वाळलाच नाही. भर पावसाळ्यात बाहेरून प्लास्टर झालं आणि त्याच्या मागोमाग आतून पुट्टी. सोसायटीचे अध्यक्ष राणे होते, सचिव मी. दसऱ्याला ताबा घ्यायचं घाटत होतं. त्यासाठी बोलावलेल्या सभेच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी दुधाची रिकामी पिशवी कापून, पुसून, आपल्या घराच्या भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने बंद केली. दुसऱ्या दिवशी आम्हाला वर नेऊन दाखवली. पिशवीच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब जमले होते.

"भिंत अजून पाणी सोडती," मिस्त्री म्हणाले. "पुट्टी खरवडा. दिवाळीनंतरचं ऊन लागू द्या, मग रंग. दोन महिने थांबा."

बिल्डरचा सुपरवायझर हसला. "काका, नवीन भिंतीला घाम येतोच. पंखा लावा, सुकेल."

"घाम बाहेरनं येतो. ह्यो पिशवीच्या आत कुठनं आला?"

तो मोबाइल बघू लागला.

खाली सभेत राणे म्हणाले, "मिस्त्री, तीन वरसां परक्याच्या खोलीत काढली. आता आनी किती थांबायचा? दसऱ्यासारखो मुहूर्त हा!"

"भिंत पंचांग बघत न्हाई, राणेसाहेब."

मागून कुणीतरी म्हणालं, "तुमच्यात नसतील बघत. आमच्यात बघतात." काही जण हसले. मिस्त्रींच्या घरात बाबासाहेबांची तसबीर होती. त्या वाक्याचा रोख सगळ्यांना कळला. मला तर 'तुमच्यात' या शब्दावरचा जोरही कळला. मी वहीत मान घालून बसलो होतो.

इतिवृत्त मी लिहिलं. मिस्त्री अखेरपर्यंत "मला मान्य न्हाई, तसं लिवा" म्हणत होते. मी लिहिलं, 'ताबा घेण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर.' राणे कानाशी येऊन बोलले होते, "एकट्याच्या विरोधासाठी कागद कशाला खराब करताय, सर?" आणि मलाही माझ्या पुस्तकांची खोकी उघडायची घाई झाली होती.

पुढच्या पावसाळ्यात मिस्त्रींच्या कपाटामागून काळी बुरशी वर चढली. आधी मोहरीएवढे ठिपके, मग हातभर पट्टे. मिस्त्री पुसत, खरवडत, चुना लावत. आठवड्यात भिंत पुन्हा काळवंडे. माझ्या भिंती आतल्या बाजूच्या, त्या कोरड्या राहिल्या. शांतावहिनी खोकताना तोंडावर उशी दाबून धरत, शेजारी त्रास नको म्हणून. तरी मला ऐकू येई.

तक्रार घेऊन आम्ही दोघे बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या माणसाने फाइल उघडून माझ्याच अक्षरातला ठराव पुढे सरकवला. "सर्वानुमते लिहिलंय. ओलीबद्दल एक शब्द नाही. तेव्हाच सांगायचं ना!" मिस्त्रींनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला.

शांतावहिनी त्याच श्रावणात गेल्या. डॉक्टर दमा म्हणाले, वय म्हणाले. भिंतीचं नाव कुणी घेतलं नाही.

मिस्त्री मानखुर्दला मुलीकडे राहायला गेले. तिथे जायला मला वर्ष लागलं. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर मी म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी तुमचा विरोध मी लिहिला नाही."

"ठाऊक हाय. हापिसात वाचला की. तुमचं अक्षर लई सुंदर."

मी माफी मागू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"राणे आडवा बोलला, त्याचं काय न्हाई. त्यो सुपरवायझर, त्याचा तो धंदाच. पर सचिव म्हणून तुमचं नाव मी सुचवलं होतं, सर. मला काय एवढं कळतंय? शांता म्हणाली होती, ह्या माणसाला लावा, ह्यो खरं लिहील."

मुलीने चहा आणून ठेवला. तो पिऊन मी निघालो.

त्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. मुलीने मला कळवलं नाही. राण्यांकडून समजलं, तोवर जलदानविधीही होऊन गेला होता.