चौघांच्या खांद्यावर

"आर्टरी फाटलीय," परळच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. आर्टरी म्हणजे काळजाकडून रक्त नेणारी मोठी नळी. मला कुठलं कळायला? मी फरशीकडे बघत होते. एका माणसाच्या अंगात एवढं रक्त असतं?

गिरणीत यंत्राच्या पट्ट्यानं आमच्या ह्यांचा पाय ओढला होता. डॉक्टरांनी मांडीला फडकं बांधलं, त्यात काठी अडकवून पीळ दिला. त्याला टुर्निकेट म्हणतात. म्हणाले, "हे सैल करू नका. भायखळ्याच्या मोठ्या इस्पितळात न्या. आडवं न्या, डोकं खाली, पाय उंच. बसवलंत तर वाटेतच जाईल."

चाळीतले चौघे खाट घेऊन आले, तर सासूबाई दवाखान्याच्या दारात उभ्या. "जित्या माणसाक चौघांच्या खांद्यार कोण नेता?" झालं. त्यांच्या अपशकुनापुढे डॉक्टर काय नि ब्रह्मदेव काय. चौघांनीही माना डोलावल्या. मी घसा फोडला, पण सुनेचं ऐकतो कोण? भाड्याच्या घोडागाडीत ह्यांना त्यातल्या दोघांच्या मध्ये बसवलं, लग्नाला निघाल्यासारखं; बाकीचे दोघे गाडीमागून धावत निघाले.

लालबागला ओठ पांढरे पडले, मान लटकली. हाक मारली तर ओ नाही.  सासूबाई दगडासारख्या बसल्या होत्या.

मग मी कुणाला विचारलं नाही, गाडी थांबवली. समोरच्या दुकानदाराची खाट ओढून आणली, ह्यांना आडवं घातलं, पायाखाली गाठोडं दिलं. थोड्या वेळानं पापण्या हलल्या. चौघांनी मुकाट्यानं खाट उचलली. पळता पळता चिंचपोकळीपाशी त्यांचा दम संपला.

तेवढ्यात रस्त्यातली माणसं पुढे आली. हात जोडले नि आपणहून खांदे दिले, प्रेतच चाललंय असं समजून. आपला लेक जिवंत आहे हे सासूबाई रडत सांगायला गेल्या, "जितो आसा माझो झील." मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. कळलं असतं तर सोडून गेले असते.

इस्पितळात क्लोरोफॉर्म हुंगवून झोपवलं आणि पाय गुडघ्याच्या वरून कापला. पाय गेला, माणूस राहिला. घरच्या माणसावर अशी वेळ आली, बायांनो, तर आडवंच न्या. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

ते खांदेकरी कोण होते, ठाऊक नाही. इस्पितळाच्या दारात खाट टेकवताना हे कण्हले, तेव्हा त्यातला एकजण दचकून मागे सरला. मग परत आला आणि ह्यांचं डोकं नीट धरून आत घेऊन गेला.