दुसऱ्याचा कोट

ऑफिसातले दोघं दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी गवार मोडत बसले होते. एकाच्या हातात आमच्या जावयांची बॅग होती. बॅग आली आणि माणूस आला नाही, तेव्हाच मला काय ते कळलं.

"आजी, घरात कोणी आहे का?" त्यातल्या वयस्कर माणसाने विचारलं.

"मी आहे की."

"तसं नाही... दुसरं कोणी?"

"दुसरं कोणी नाही. लेक बालवाडीत शिकवायला गेलीय. काय असेल ते मला सांगा. गेले का?"

तो खाली चपलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, जिना चढता चढता खाली बसले, पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मी विचारलं, "डबा खाल्ला होता का?" आता वाटतं, काय हा प्रश्न. पण तोंडातून तोच निघाला. डबा बॅगेत भरलेलाच होता आणि त्याच्याखाली कॅमेरा. मी कॅमेऱ्याचं झाकण उघडून सेल काढून ठेवले, कारण घरी आल्यावर ते पहिलं तेच करायचे. मग चपला घातल्या आणि बालवाडीकडे निघाले. शकूला मीच सांगितलं.

याला आता सहा आठवडे झाले. मधुकरराव माझे जावई. नाशिक रोडला एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर कारकून होते. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि तो योग्य टेबलावर पोचवायचा. सत्तावीस वर्षं हेच काम. नऊला स्कूटर बाहेर काढायची, साडेसहाला कोथिंबिरीची जुडी घेऊन परत. साहेब येत गेले, जात गेले, हे त्याच खुर्चीत. मला सुरुवातीला वाटायचं, या माणसात काही दम नाही. शकूला तसं तोंडावर म्हटलंही होतं. ती म्हणाली, "आई, दम काय चाटायचाय? घरी वेळेवर येतात." माझं मत काही बदललं नाही.

ते बदललं मालक, म्हणजे शकूचे वडील, गेले तेव्हा. मखमलाबादच्या बाजूला आमचा फुलांचा मळा होता. मालकांनी जन्मभर झेंडू, शेवंती काढून बाजारात नेली. ते गेले आणि दहाव्याला ठेवायला घरात त्यांचा एक फोटो सापडेना. शेवटी कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यात नखाएवढा चेहरा मिळाला. तो पुतण्याने पंचवटीतल्या एका स्टुडिओत नेला. त्या काळी स्टुडिओवाल्यांकडे तयार कोट असायचे, त्यावर गेलेल्या माणसाचं तोंड चिकटवून द्यायचे. मालकांच्या अंगात काळा कोट आला, गळ्यात टाय आला. डोक्यावरची टोपी काढून टाकून तिथे काळेभोर केस रंगवले. मालकांनी कोट कधी हातातसुद्धा धरला नसेल. पण आलेले सगळे म्हणाले, "काय साहेब दिसतात!" मलाही बरं वाटलं. मीच हार घातला.

मधुकरराव मात्र त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. सगळे जेवायला बसल्यावर हळूच म्हणाले, "मामी, हा कोट कोणाचा?"

"स्टुडिओतला असेल."

"आणि खांदे? मामांचा उजवा खांदा उतरलेला होता. पाट्या वाहून वाहून."

खांदा उतरलेला होताच. चाळीस वर्षं मी तो पाहिला होता, आणि फोटोत नाही हे मला कळलं नव्हतं. त्यांना कळलं...

शकू आमची एकुलती एक. मालकांमागे मी तिच्याकडे राहायला आले. भावकीतल्या बायका म्हणाल्या, लेकीच्या दारात जाऊन पडली. मधुकररावांनी माझी कॉट आणि एक खुर्ची गॅलरीजवळ लावली. म्हणाले, "मामी, इथे सकाळचं ऊन चांगलं येतं." मला वाटलं, माझ्या गुडघ्यांसाठी म्हणतात. पुढे कळलं, हा माणूस उजेड बघत होता.

काही वर्षांनी डिजिटल कॅमेरे आले, तसा त्यांनी एक घेतला. सेल चार्ज करायचा चार्जर त्यांनी माझ्या मिक्सरच्या जागेवर लावला. त्यावरून आमची रोज कुरबूर व्हायची. मी म्हणायचे, "जावईबापू, चटणी काय कॅमेऱ्यात वाटू?" ते म्हणायचे, "पाचच मिनिटं, मामी." त्यांची पाच मिनिटं म्हणजे जेवण होईपर्यंत.

दर महिन्यातला एखादा रविवार ते स्कूटर काढून नात्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचे. घरच्या कपड्यांत, घरच्या ओट्यावर त्यांचे फोटो काढायचे. फोटो धुऊन आणून द्यायचे, संगणकावर प्रत्येकाच्या नावाची फाइल करायचे. हे कशासाठी चाललंय ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांना येताना पाहिलं की पारावरचे लोक ओरडायचे, "आला बघा यमाचा कारकून!" ते हसायचे. "काका, मी फक्त नोंद करतो. पाठवायचं काम दुसऱ्या टेबलाकडे आहे."

एकदा मी बरोबर गेले होते. माझे थोरले दीर, नव्वदीचे. त्यांचा फोटो काढून मधुकररावांनी कॅमेऱ्याच्या मागचा पडदा त्यांना दाखवला. त्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हा तर आमचा बा हाय! त्याला जाऊन लय वर्षं झाली. तुला कुठं सापडला?" सगळे हसले. म्हाताऱ्याने मात्र कॅमेरा लवकर परत दिला नाही. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांच्या भिंतीवर कोट नाही. टोपी आहे, आणि एक बटण तुटलेला त्यांचा सदरा आहे.

माझा फोटो मात्र मी काढू दिला नाही. आधी म्हटलं, माझ्या मरणाची तुम्हाला एवढी काय घाई? मग म्हटलं, आज केस धुतलेले नाहीत. मग, आज एकादशी आहे, तोंड सुकलंय. ते कधी चिडले नाहीत. रविवारी चहा झाला, ऊन खुर्चीवर आलं की विचारायचे, "मामी, आज?" मी म्हणायचे, "आज नाही."

एका रविवारी मी अट घातली. "आधी तुम्ही बसा. मी काढते. मग माझा." ते आंघोळीहून आलेले, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. तसेच खुर्चीत बसले. कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला. "मामी, बटण आधी अर्धं दाबायचं, मग पूर्ण." मी एकदमच पूर्ण दाबलं. फोटो तिरका आला. निम्म्या फोटोत दार, आणि निम्म्यात हे पोट धरून हसताहेत. मग म्हणाले, "चला, आता तुमची पाळी."

मी म्हटलं, "आज नाही. पुढच्या रविवारी."

शब्द दिला होता आणि फिरवला. नंतर दोन वर्षं फिरवत राहिले. मरणाची भीती वगैरे काही नव्हती. खरं सांगते, मला ते विचारणं आवडायचं. माझं वय झालेलं, माझ्याकडे कोणी काही मागत नव्हतं. आठवड्यातून एकदा एक माणूस माझ्यासमोर उभा राहून विचारायचा, "मामी, आज?" फोटो दिला असता तर विचारणं संपलं असतं.

त्यांच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी त्यांचा पुतण्या चौकट घेऊन आला. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो स्टुडिओत देऊन मोठा करून आणला होता. निळा कोट, लाल टाय. आता कात्रीने कापत नाहीत, संगणकावरच कोट चढवतात, त्यामुळे गळ्याशी जोडसुद्धा दिसत नाही.

मी म्हटलं, "हा कोट कोणाचा?"

पुतण्याला काही समजलं नाही. शकूला समजलं. तोवर तिच्या डोळ्यांत टिपूस आलेलं नव्हतं, तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मग उठली आणि संगणक चालू केला. नावांच्या फायलींची रांगच्या रांग. थोरले दीर, त्यांची बायको, मळ्यातला गडी... सगळ्यांची नावं नीट. शेवटी एक नाव होतं, मामी. मी म्हटलं, "ती कशाला उघडतेस? माझा फोटो काढलाच नाही त्यांनी." तिने उघडली. आत एकच फोटो होता. बनियन, टॉवेल, तिरकं दार. मी काढलेला.

त्यांचे थोरले भाऊ म्हणाले, "मामी, बनियनवरचा फोटो घाटावर ठेवायचा? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," मी म्हटलं. "बनियन त्यांचं स्वतःचं आहे."

तोच ठेवला. आता तोच भिंतीवर आहे, मालकांच्या कोटाशेजारी.

चार्जर अजून मिक्सरच्या जागेवरच आहे. मिक्सर मी दुसरीकडे लावते. शकू म्हणते, आई, मी काढते तुझा फोटो. तिने काढावा, मी आता नाही म्हणणार नाही. पण ती स्वतःहून कॅमेऱ्याला हात लावत नाही आणि मी तिला आठवण करून देत नाही. रविवारी चहा झाला की मी केस विंचरते, धुतलेलं पातळ नेसते आणि गॅलरीजवळच्या खुर्चीत बसते. ऊन साडेआठला गुडघ्यावर येतं, सव्वानऊला निघून जातं. तोवर मी तोंडात "आज" धरून असते... पण विचारत कोणी नाही.

मधुकरराव त्रेपन्नाव्या वर्षी गेले. मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. शकू बालवाडीत गेली की घरात मीच असते.