घोगरेमामा

लिफ्ट बंद पडली की लोक आधी बटणं दाबतात, मग दार बडवतात आणि त्यानंही काही होत नाही म्हटल्यावर लिफ्टकाकांना बोलावतात. काका आले की कुणाशी बोलत नाहीत. पिशवी खाली ठेवतात, दाराला कान लावतात आणि डोळे मिटून घेतात. वर अंधारात कुठेतरी चाक फिरतं, दोर ताणला जातो, आणि काका उभ्या जागेवरून सांगतात, "मोटर धडधाकट आहे. वरचं बेअरिंग रडतंय." या माणसाचा सगळा संसार कानावर उभा राहिला असं म्हटलं तर त्यात काही खोटं नाही.

आता असा माणूस संध्याकाळी घरी आल्यावर काय ऐकत असेल? काहीतरी मऊ, संथ, असं तुम्ही म्हणाल. छे! काका घरी गोंगाट ऐकतात. पंक नावाचं जे आरडाओरडीचं संगीत एके काळी निघालं होतं ते, आणि त्याहीपुढचं नो वेव्ह, ज्यात चुकून सूर लागला तर वाजवणाऱ्यालाच लाज वाटावी. गिटार अशी वाजते की कुणी पत्र्याची ट्रंक जिन्यावरून फरपटत आणतंय असं वाटावं. काकू म्हणतात, "दिवसभर लिफ्टचं रडगाणं ऐकून यांचं पोट भरत नाही, म्हणून तिचे नातेवाईक घरी आणून ठेवलेत."

हे वेड जुनं. काकांचे वडील शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. कुणीतरी फेकून दिलेला एक रेकॉर्ड प्लेअर त्यांनी उचलून आणला आणि शिवणयंत्राचं तेल पाजून चालता केला. त्याच सुमाराला वरच्या खोलीतला भाडेकरू, बोटीवरचा खलाशी, घर सोडताना रेकॉर्डांचं एक खोकं मागे ठेवून गेला. काका तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे, थोरली ताई कॉलेजात. दोघं फरशीवर पालथी पडून त्या रेकॉर्डी ऐकायची. शब्द कळायचे नाहीत, पण राग कळायचा. त्या वयात तेवढं पुरतं.

त्यातली एक दोघांच्या काळजाचा तुकडा होती. कव्हरवर रिकामी खोली आणि तीन पायांवर उभी असलेली खुर्ची. आत एक जाडाभरडा, सुस्त आवाज, जणू कुणी विहिरीच्या तळाशी बसून जगाला शिव्या घालतंय. सर्दी झालेला आईचा भाऊ बोलतो तसा. म्हणून ताईनं त्याचं नाव ठेवलं घोगरेमामा. घरात कुणी रागावलं, परीक्षेत पडझड झाली, की दोघं मामांकडे जायची. मामा त्यांच्या वतीनं सगळ्यांना झापायचे.

पुढे घर बदललं, त्या गडबडीत खोकं कुठे गेलं ते कुणालाच कळलं नाही. ताई लग्न होऊन गेली. काका लिफ्टमध्ये चढले ते केस पांढरे होईपर्यंत उतरले नाहीत. मग एक दिवस छापखान्यामागच्या जुन्या रेकॉर्डांच्या दुकानात त्या खोक्यातलं एक कव्हर त्यांना दिसलं, आणि हरवलेलं माणूस गर्दीत दिसावं तसे ते जागच्या जागी उभे राहिले. तिथून शोध सुरू झाला. एकेक करून जवळपास सगळं खोकं पुन्हा जमलं. खुर्ची तेवढी सापडत नव्हती.

शेवटी दुकानदाराचा फोन आला. "काका, तुमची खुर्ची आलीय. चौथा पाय काही मिळाला नाही."

काका ती छातीशी धरून घरी आले. हात धुतले, मऊ फडक्यानं रेकॉर्ड पुसली. यंत्राला हात लावण्याआधी त्यावरची पाटी वाचायची, हा त्यांचा धंद्यातला नियम. लेबलावर बारीक अक्षरात मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची गती छापली होती. त्यांनी प्लेअरचा खटका पंचेचाळीसवर नेला आणि सुई टेकवली.

एक पोरगी किंचाळली.

पातळ, धारदार, कपड्यांना आग लागून जिन्यावरून पळत सुटल्यासारखी. काकांनी सुई उचलली. कव्हर पाहिलं, लेबल पाहिलं. खुर्ची तीच, खोली तीच. पुन्हा लावली. पुन्हा तीच पोरगी.

काकांना वडील आठवले. वडिलांचं दुखणं असंच सुरू झालं होतं. सख्ख्या भावानं दारातून हाक मारली आणि वडील म्हणाले, "कोण बोलतंय?" चेहरा ओळखला, आवाज ओळखला नाही. आधी आवाज गेले, मग चेहरे, मग घर. शेवटी शेवटी ते शिवणयंत्राच्या चाकावर हात ठेवून नुसते बसून राहायचे. काका आता त्यांच्या त्याच वयाला आले होते.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी एका इमारतीत लिफ्टच्या दाराला कान लावला, आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. वॉचमनला विचारलं, "तुम्हाला काही ऐकू येतंय का हो?"

"मला?" वॉचमन म्हणाला. "मला ऐकू येत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

काका लिफ्ट तशीच बंद ठेवून, उद्या येतो म्हणून निघाले ते थेट दुकानात गेले. "या रेकॉर्डवर पुरुष गातो ना? जाडा आवाज?"

"छे हो, पोरगीच आहे. पहिल्यापासून पोरगीच. ही एकदाच निघाली, हिची दुसरी आवृत्ती नाहीच."

काका आले तसे परत फिरले. घरी येऊन प्लेअरवर कापड टाकलं. दुसरा दिवस उजाडला तरी कामावर गेले नाहीत. काकूंनी वाट पाहिली, आणि स्वयंपाकघरातून ताईंना फोन लावला. "ताई, आमच्या घरात शांतता आहे. मला भीती वाटतेय. याल का?"

ताई दुपारी आली. जन्मभर इस्त्रीचं दुकान चालवलेली बाई. कुठे सुरकुती दिसली की तिचा हात शिवशिवतो. दारातूनच म्हणाली, "काय रे बारक्या, थोबाड का उतरलंय?"

"खुर्ची मिळाली," काका म्हणाले.

"अरे मग लाव की! मामांना भेटून किती वर्षं झाली!"

काकांनी कापड काढलं, सुई ठेवली, आणि रेकॉर्डकडे न बघता ताईच्या तोंडाकडे बघत राहिले. पोरगी किंचाळली. ताईच्या भुवया वर गेल्या.

"ही कोण भवानी? मामा कुठेत?"

"तुलाही नाही ओळखू येत?" काका म्हणाले. "ताई, बाबांचं असंच सुरू झालं होतं. आपलं दोघांचं एकदमच…"

"गप बस. माझं डोकं ठिकाणावर आहे. तुझं कधी नव्हतंच." ताई गुडघे सांभाळत खाली वाकली. "किती पळतेय ही! कुणी मागे लागलंय का हिच्या?" आणि तिनं आपलं बोट रेकॉर्डच्या कडेवर अलगद टेकवलं.

रेकॉर्ड रेंगाळली. किंकाळी लांबली, खाली उतरली, जाड झाली. आणि तिच्या पोटातून, विहिरीच्या तळातून यावेत तसे, घोगरेमामा खाकरले.

ताईनं बोट उचललं, पोरगी. टेकवलं, मामा.

"बारक्या!" ताई ओरडली. "बाबांची काडी!"

आणि काकांना सगळं लख्ख दिसलं. त्या जुन्या प्लेअरचा गतीचा खटका ढिला होता, मध्येच आपोआप सरकायचा. वडिलांनी त्यात आगकाडी खुपसली, वर डिंक ओतला आणि तो कायमचा हळू गतीवर बसवला. म्हणाले होते, "मोठ्या तबकड्या सगळ्या हळूच चालतात." बाकीच्या चालतही होत्या. ही एकच मोठी असून जलद होती. त्यांच्या घरात मात्र तिला वडिलांच्या काडीनं हळू चालवलं होतं.

काकांनी खटका हळू गतीवर, तेहतीसवर ओढला. मामा आले. तोच बसका घसा, तोच कंटाळा, जगाला तीच शिवीगाळ. काका फरशीवर बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि भांडं काठोकाठ भरून डोळ्यांतून सांडत होतं.

"रडतोस काय?" ताई म्हणाली. तिचाही आवाज मामांसारखा झाला होता. "म्हणजे इतकी वर्षं आपण एका पोरीला मामा म्हणत होतो!"

"ती मामाच," काका म्हणाले. "बाबांनी केलेला."

काकू चहा घेऊन आल्या, उभ्या उभ्या थोडं ऐकलं. "मला विचाराल तर पोरगीच बरी होती," त्या म्हणाल्या. "या मामांना आधी काहीतरी औषध द्या."

मग एकदा मामा, एकदा पोरगी, असं दिवे लागेपर्यंत चाललं. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. काकूंनी भिंत परत ठोकली.

दुसऱ्या दिवशी काका त्या इमारतीत गेले. पिशवी खाली ठेवली, दाराला कान लावला, डोळे मिटले. वॉचमन शेजारी येऊन उभा राहिला. "काय हो, आज मला नाही विचारणार?"

"तुम्हाला काय विचारायचं?" काका डोळे न उघडता म्हणाले. "वरचं बेअरिंग रडतंय. चांगलं मोठ्यानं रडतंय."