तापीचा गोटा आणि चुन्याचा डबा

आमच्या बऱ्हाणपूरच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत होती. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, सगळी घरं कबरस्तानात जमायची आणि आपापल्या माणसांच्या कबरींना चुना द्यायची. चुना भिजवून वाटण्याचं काम पंचांनी माझ्याकडे दिलं होतं, कारण मी कचेरीत कारकून आणि मोजमापाला पक्का. एका कबरीला एक डबा. वहीत दफनं सत्तावीस, म्हणून डबे सत्तावीस. जास्तीचा चुना मी कधी भिजवला नाही. ओल्या चुन्याचा वास कुठे आला की अजून मला त्या सकाळी आठवतात. बायांची गाणी, पोरांचे पांढरे झालेले हात.

जर्मनची लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. जसोंडी गावची एक म्हातारी, सगळे तिला मावशी म्हणत, दरवर्षी नवऱ्याच्या कबरीसाठी पायी यायची. त्या वर्षी तिच्या टोपलीत तापीच्या पात्रातला गोटा होता, चांगला भोपळ्याएवढा. नवऱ्याच्या कबरीजवळ थोडी जागा सोडून तिने तो मांडला आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"बाबू, मला दोन डबे."

"दोन कशाला, मावशी?"

"एक बुढ्याला. एक मना पोऱ्याला."

तिचा मुलगा पलटणीत जखमी उचलून आणायच्या कामावर होता, बसऱ्याकडे. गोळ्या चालू असताना त्याने दोघांना आणलं, तिसऱ्यासाठी परत गेला, आणि मग ना तो तिसरा आला, ना हा. प्रेत मिळालं नाही. पलटणीचं ते पत्र मीच तिला वाचून दाखवलं होतं. तरी मी म्हणालो, "मावशी, गोट्याखाली कोणी नाही. वहीत नोंद नाही. डबा कुठून देऊ?"

"राहू दे गं मावशी," मागून कोणी तरी म्हणालं, "हा बाबू स्वर्गाच्या दारातही वही मागेल!" लोक हसले.

तिने वाद घातला नाही. एक डबा उचलला, खाली बसली आणि आधी गोट्याला चुना दिला. एक हात, दुसरा, तिसरा. उरलेल्यात नवऱ्याची कबर निम्मीच झाली.

"म्हाताऱ्याचं अर्धंच राहिलं की," मी म्हणालो.

"तो समजून घेईल." कुंच्याने डब्याचा तळ खरवडत ती म्हणाली, "उद्या पहाटे तुम्ही सगळे गाणार, प्रभूची कबर रिकामी आहे म्हणून. तेव्हा वही काढतोस का रे, आत कोणी नाही म्हणून?"

दुसऱ्यांसाठी जीव देणाऱ्या प्रभूबद्दल मी दर रविवारी ऐकत होतो. तिच्या पोराने तेच केलं होतं, आणि मी त्याच्याकडे प्रेताचा पुरावा मागत होतो.

माझ्या वडिलांचा डबा अजून तसाच होता. तो मी तिच्यापुढे ठेवला. त्या ईस्टरला वडिलांची कबर मळकीच राहिली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

"लिहिशील ना त्याला?" जाताना मावशीने विचारलं.

दुपारी मी वहीत त्याचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि पुढे 'जखमींना आणताना मेला' एवढंच. दफनाचा रकाना कोरा सोडला.

मावशीही आता तिथेच आहे, नवरा आणि गोटा यांच्या मधोमध. ती जागा तिने त्याच दिवशी बरोबर एका कबरीएवढी सोडली होती. मोजमापाला पक्का असून मला ते दिसलं नव्हतं.

परवा नव्या पंचांनी वही तपासली आणि चूक दाखवली: दफनं चाळीस, डबे एकेचाळीस. मी म्हणालो, बरोबर आहे. शनिवारी या, दाखवतो.