एकाच कलमाची युती

मी राज्यशास्त्र आवडीनं घेतलं नाही. नाल्यामुळे घेतलं.

आमची वस्ती समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावाच्या कडेला आहे आणि गाव व वस्ती यांच्यामध्ये एक नाला आहे. आठ महिने तो कोरडा असतो. त्यात शेळ्या चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. उरलेल्या चार महिन्यांत तो काय करील ते सांगता येत नाही. एसटीचा थांबा नाल्याच्या पलीकडे, गावाच्या बाजूला. बारावीनंतर माझं नाव नर्सिंगच्या यादीत लागलं होतं. कागदपत्रं दाखवायच्या शेवटच्या दिवशी नाल्याला छातीभर पाणी होतं. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी दुपारपर्यंत काठावर उभी राहिले. पलीकडे एसटी आली, थांबली. कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं घंटी मारली. पुढच्या आठवड्यात कुठे जागा आहेत म्हणून विचारलं, तर बीएला होत्या. त्यातही राज्यशास्त्राला भरपूर.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे काय हुकलं ते मला घरात कोणाला नीट सांगता आलं नाही. दीड वर्षानं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातली जागा बाईसाठी निघाली, तेव्हा आई कमरेची कापसाची ओटी सोडता सोडता म्हणाली, "मी राह्यतो उभी."

"काऊन वो?" बाबा दचकलेच.

"लहानी औंदा बारावीले हाये. तिले मी काठावर उभी नाई करत. नाल्यावर रपटा पाह्यजे."

लहानी म्हणजे माझी धाकटी बहीण. रपटा म्हणजे ठेंगणा पूल. खाली पाइप, वर सिमेंट. तेवढ्यासाठी आई निवडणुकीला उभी राहिली आणि वस्तीनं तिला निवडूनही दिलं.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. आमच्या गावात दोन गट आहेत. एक दुकानवाल्या भाऊंचा. त्यांचं किराणा दुकान आहे आणि हंगामात ते कापूसही घेतात. दुसरा ट्रॅक्टरवाल्या भाऊंचा. त्यांची शेती मोठी आणि आवाज त्याहून मोठा. गावात चहाच्या टपऱ्याही दोन, एकेका गटाची एक. एकदा एका गटाचा माणूस दुसऱ्या टपरीवर नुसतं पाणी प्यायला, तर त्याला आठ दिवस खुलासे द्यावे लागले. निकालात सातपैकी तीन जागा दुकानवाल्यांना, तीन ट्रॅक्टरवाल्यांना आणि एक आईला. तेव्हा सरपंच सदस्यांमधूनच निवडायचा होता. म्हणजे आई ज्याच्या बाजूनं हात वर करील, तो सरपंच.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुकानवाले भाऊ कोरडा नाला ओलांडून वस्तीत आले. इतकी वर्षं त्यांच्या दुकानातून आम्ही मीठमिरची आणली, पण आमचं घर कोणतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते आधी शेजारच्या घरात पेढे देऊन बसले आणि मग ते परत कसे मागावे या विचारात आमच्याकडे रिकाम्या हातानं आले. दारातूनच मोठ्यानं म्हणाले, "जयभीम, ताई!"

दुकानात ते आईला "ए बाई, बाजूले सरक" म्हणत. आई एक क्षण गोंधळली. मग तीही सभ्यपणे म्हणाली, "राम राम, भाऊ."

दोघांनीही दुसऱ्याचा नमस्कार केला होता. तेवढ्यात लहानीनं चहा आणला.

"ताई, आपली साथ पाह्यजे," भाऊ म्हणाले. करोनाचे दिवस होते; मास्क त्यांनी हनुवटीवर ओढला होता, तो चहात बुडत होता.

"मले रपटा पाह्यजे," आई म्हणाली.

"एक काय, दोन बांधतो."

"नाला एकच हाये, भाऊ."

इथे मी मध्ये बोलले. मला ते करायला नको होतं, पण नुकतंच आम्हाला वर्गात आघाडी सरकारं शिकवली होती. सर म्हणाले होते की निवडणुकीनंतरची युती टिकवायची असेल तर किमान समान कार्यक्रम लेखी हवा. मी घाबरत म्हटलं, "काका, लेखी देता का?"

"दे ना, बाई. कुठी सही करू?"

कागद अजून लिहिलाच नव्हता. मी म्हटलं, उद्या देते.

त्या संध्याकाळी मी वहीचं पान फाडून वर 'किमान समान कार्यक्रम' असं लिहिलं आणि खाली दुहेरी रेघ मारली. पहिलं कलम रपट्याचं. मग मला ते फार उघडंबोडकं वाटलं. कार्यक्रमात एकच कलम कसं असेल? मी दुसरं घातलं, वस्तीत दिवे. तिसरं, वाचनालय. आईला वाचून दाखवलं.

"खोड," ती म्हणाली. "एकच लिह्य. दोन लिहिले का हे लोक सोप्पं वालं करते अन् म्हणते, झालं."

मी पुन्हा लिहिलं: आम्ही खाली सही करणारे सदस्य वस्तीजवळच्या नाल्यावर पावसाळ्याआधी रपटा बांधण्याचं काम मंजूर करू. मंजूर करू, याच्यावर मला फार समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेले तेव्हा थांब्याजवळ त्याची झेरॉक्स काढून घेतली. कशासाठी ते मला नक्की माहीत नव्हतं. पुस्तकात प्रत ठेवावी असं होतं.

दुकानवाल्या भाऊंनी चष्मा न लावताच सही केली. आघाडीतल्या सगळ्या घटकांची सही लागते, असं मी म्हटल्यावर त्यांनी आपल्या दोन्ही सदस्यांनाही सही करायला लावली. त्यांत एक काकू होती. ती आईबरोबर कापूस वेचायला येत असे.

दोन दिवसांनी ट्रॅक्टरवाले भाऊ आले. ते वस्तीत न येता नाल्यातच उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, "वहिनी! रपटाच ना? हे पाहा, मोजमाप करून राह्यलो!" आणि खरंच पावलं टाकत इकडून तिकडे गेले. त्यांनी काकणभर जास्तच उत्साहानं सही केली. कागद म्हणून माझ्याकडे झेरॉक्सच होती, तीच मी पुढे केली. त्यांच्याही तिघांच्या सह्या झाल्या.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "आई, आपण दोघांनाही एकच कागद दिला. ही फसवणूक होते."

"काऊन? दोघायले एकच मागतलं. दोघायले एकच सांगतलं का मीटिंगच्या दिवशी हात वर करीन. याच्यात खोटं काय हाये?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना कागद दाखवला. सह्यांचा भाग दुमडून, एका काल्पनिक गावाचा म्हणून. सरांनी तो वाचला आणि विचारलं, "ह्या सदस्यांनी रपटा द्यायचा. आणि तुमच्या काल्पनिक बाईनं काय द्यायचं?"

मी कागद पुन्हा वरपासून वाचू लागले.

"अट कुठे आहे? पाठिंबा दिला तर, असं कुठेच लिहिलेलं नाही. करार एकतर्फी झाला." त्यांनी लाल पेनानं समासात लिहिलं, 'अट राहिली'. परत येताना मी बसमध्ये तो लाल शब्द तळहातानं झाकून बसले होते.

इकडे दोन्ही गटांना भीती वाटू लागली की आपलं माणूस फुटेल. अशा वेळी सदस्यांना कुठेतरी नेऊन ठेवायची पद्धत आहे. मोठे लोक आपल्या माणसांना दूर नेतात, हॉटेलात ठेवतात. आमच्या लोकांनी गिरड निवडलं. टेकडी आहे, दर्गा आहे, सैपाक करून खाता येतो आणि संध्याकाळी ढोरांना पाणी पाजायला घरी येता येतं. दुकानवाले भाऊ आपल्या माणसांना घेऊन सकाळी गुपचूप निघाले. ट्रॅक्टरवाले भाऊही आपल्या माणसांना घेऊन सकाळी गुपचूप निघाले. दोघांनी एकच दिवस निवडला. आईलाही दोघांनी बोलावलं होतं, पण तिला शेवटची वेचणी सोडता येत नव्हती.

पुढचं आम्हाला काकूनं दुसऱ्या दिवशी वावरात सांगितलं. सांगताना ती इतकी हसत होती की ओटीतला कापूस सांडत होता.

"चढलो ना वो आमी वर, तं हे तिघं आधीच बसेल! पळावं तं कुठी पळावं? आमच्यापाशी तांदूळ, मसाला, समदं. भात रांधाचा गंज घरी राह्यला. त्यायच्यापाशी हा मोठ्ठा गंज, अन् तिखट इसरले. दोन घंटे दोघंबी उपाशी. मंग एक जण म्हणे, गंज देता का भाऊ? तो म्हणे, तिखट देता का?"

जेवण एकत्र झालं. जेवणाबरोबर युतीही. अडीच वर्षं दुकानवाले, अडीच वर्षं ट्रॅक्टरवाले.

"अन् मंग दोघायनं दर्ग्याच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली," काकू म्हणाली, "का आपण त्या वस्तीवालीच्या दारात कधी गेलो नाई, तिले काही कबूल केलं नाई. मी तं सही केल्ती ना! पण जेवून राह्यलो होतो, काय बोलू?"

सहा एका बाजूला, आई एकटी. आता रपटा काही होत नाही. लहानी त्या दिवशी रात्रीच्या अभ्यासाला बसली, तर मला तिच्याकडे पाहवेना. आईनं फक्त विचारलं, "कागद कुठी हायेत?"

"आता काय कामाचे?"

"ठेव."

निवडीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी दुकानवाल्या भाऊंचं नाव पुकारलं. सहा हात वर गेले. आणि मग सातवा, आईचा. दोन्ही भाऊ वळून पाहू लागले. सरपंचाची निवड एकमतानं झाली, गावात पहिल्यांदाच. फोटो काढला, त्यात आई मधोमध आली. घरी येताना मी विचारलं, तर म्हणाली, "हात वर करीन म्हटलं होतं. केला."

पहिल्या मासिक सभेला ती मला घेऊन गेली. ग्रामसेवकांना म्हणाली, "मले वाचता येत नाई बरोबर. पोरगी वाचते." मी दाराशी चटईवर बसले. नव्या युतीमुळे चहा दोन्ही टपऱ्यांवरून आला होता आणि कोणाचा मान मोडू नये म्हणून प्रत्येक जण दोन दोन कप पीत होता. मलाही दोन मिळाले.

रपट्याचा विषय निघताच सरपंच भाऊ म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू, ताई."

आईनं माझ्याकडे मान हलवली. मी उठून पहिला कागद वाचला आणि खालच्या सह्या वाचल्या. ट्रॅक्टरवाले भाऊ हळूहळू सरपंचांकडे वळले.

"काय गा, तू गेलता वस्तीत? पायरीवर हात ठेवून काय सांगतलं होतं?"

"अरे, ते... चहा प्यायले गेल्तो."

"चहा प्यायले? अन् सही?"

मी घाबरून दुसरा कागद वाचायला सुरुवात केली, कारण आईनं तो माझ्या हातात दिला होता. अक्षर न् अक्षर तेच. फक्त खालच्या सह्या ट्रॅक्टरवाल्या भाऊंच्या गटाच्या. आता सरपंच वळले.

"हे कोण हाये गा मंग? नाल्यातनं गेल्ता काय तू?"

काकूनं पदर तोंडात धरला होता.

"पण ते आमाले साथ दिली तं होतं!" ट्रॅक्टरवाले भाऊ ओरडले.

ग्रामसेवकांनी दोन्ही कागद मागून घेतले, शांतपणे वाचले आणि म्हणाले, "तसं काही लिहिलेलं नाही. समासात लाल पेनानं 'अट राहिली' असं मात्र आहे." मग चष्मा काढून म्हणाले, "सहाही जणांच्या सह्या, मजकूर एकच. तुमच्या युतीत लेखी एवढंच आहे. ठराव लिहू का भांडण लिहू?"

मग सरपंचांनी ठराव मांडला आणि 'तो मीच आधी मांडणार होतो' असं म्हणत ट्रॅक्टरवाल्या भाऊंनी घाईनं अनुमोदन दिलं. दोघांनीही आपण दुसऱ्यापेक्षा शब्दाचे पक्के आहोत हे दाखवायचं ठरवलं होतं. मला अजूनही वाटतं की तिथं आम्ही थोडी फसवणूक केली. आईला वाटत नाही.

रपटा मिरगाच्या पावसाआधी झाला. उद्घाटनाला दोन नारळ, दोन फिती. सरपंचांनी गावाकडून फीत कापली, ट्रॅक्टरवाल्या भाऊंनी वस्तीकडून, आणि दोघं मधोमध भेटून फोटोसाठी एकमेकांना पेढा भरवत उभे राहिले. आई त्याआधीच सकाळी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन त्यावरून गेली होती.

पावसाळ्यात लहानीचं नाव नर्सिंगच्या यादीत लागलं. कागदपत्रांच्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता. रपट्यावरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. फाइल त्याच प्लास्टिकच्या पिशवीत होती. लहानीनं चपला हातात घेतल्या, आई आणि मी काठावर उभ्या राहिलो आणि ती पाय घासत घासत पलीकडे गेली. एसटी आली. तिनं चढताना हात केला. मला आनंद झाला, आणि थोडं दुखलंही. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहिते.

बस गेली तरी आई पाण्याकडेच पाहत होती.

"ठेंगणा झाला," ती म्हणाली. "दोन फूट उंच पाह्यजे होता. आता अडीच वर्षानं तो दुसरा बसते ना खुर्चीवर?"

"हो."

"मंग घरी चाल. कागद काढ. अन् एकच लिहिजो."

या वेळी अट घालायची का, ते मी विचारलं. आई हसली आणि भिजलेला पदर पिळत चालू लागली.